आक्कांची दारं

सध्या आमच्याकडे किचन ट्रॉल्यांचं काम काढलंय. ओटा झाला, खालचे-वरचे खण ठोकून झाले, आता त्यांच्या दारांना कुठलं फिनिश लावायचं एवढंच राहिलंय. डिझायनर म्हणून जी मुलगी येते, ती नमुन्यांचे तुकडे टेबलावर पत्त्यांसारखे मांडते आणि मॅट, ग्लॉसी, अॅक्रिलिक, पीयू असं एका दमात म्हणून दाखवते. नवरा म्हणतो, तुला आवडेल ते घे. हे वाक्य सगळ्या नवऱ्यांना कोण शिकवून ठेवतं देव जाणे! मला काय आवडतं ते मला कळलं असतं तर हे पत्ते इतके दिवस टेबलावर पडले असते का? मला आक्का हव्या आहेत. त्यांना घेऊन द्वारका चौकाजवळच्या त्या प्लायवूडच्या दुकानात जायचंय, आणि ते आता होणे नाही.

आक्का माझ्या नात्यातल्या नव्हेत. आम्ही नाशकात एकाच बँकेत होतो. मी नवखी कारकून म्हणून लागले तेव्हा तळघरातल्या लॉकरच्या खोलीवर त्यांचं राज्य होतं. मॅनेजरपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना आक्काच म्हणायचे. सायखेड्याच्या, द्राक्षबागा असलेल्या घरातल्या. लग्न केलेलं नव्हतं. का नाही केलं असं एखाद्या आगाऊ माणसानं विचारलंच, तर म्हणायच्या, "राहून गेलं." बाजारातून कोथिंबीर आणायची राहून जावी त्या सुरात. अंगानं बुटक्या, आवाज मात्र तळघरातून वरच्या काउंटरपर्यंत येणारा. पायात कायम पुरुषी चपला. बायकांच्या चपला चालायला नसतात, देवळाबाहेर काढून ठेवायला असतात, असं त्यांचं मत होतं.

लॉकर उघडायला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची आणि एक गिऱ्हाइकाची. बँकेची किल्ली फिरवून झाली की बाकीचे लोक आपले सरळ बाहेर यायचे. आक्का मात्र डोक्यावर पदर ओढून, भिंतीकडे तोंड करून, खेकड्यासारख्या आडव्या चालत दाराबाहेर पडायच्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. तर मलाच दटावलं. दुसऱ्याच्या फडताळात डोकावलं की डोळ्याला रांजणवाडी होते म्हणे. नोकरीभर त्यांनी लोकांची दारं उघडून दिली आणि एकदाही आत पाहिलं नाही.

फोनवर "कशी आहेस" वगैरे भानगड नाही. "काय केलं होतंस?" इथूनच सुरुवात. भाजीचं नाव कळलं की त्यांना घरचं सगळं कळायचं. मुगाची खिचडी म्हटलं की कोण आजारी, दोन भाज्या म्हटलं की पाहुणे कोण. एकदा मी म्हणाले, काही नाही केलं, बाहेरून मागवलं. तर संध्याकाळी ह्या डबा घेऊन दारात हजर. डबा हातात देता देता नवऱ्यासमोर मला विचारतात, किती दिवसांचं भांडण आहे? खरंच भांडण झालं होतं. नवरा गॅलरीत जाऊन झाडांना पाणी घालायला लागला.

त्यांचं राहणं इंदिरानगरला, थोरल्या भावाच्या घरी. या भावाला सगळे दादा म्हणत. द्राक्षांच्या औषधांचं दुकान, माणूस तोंडानं फटकळ पण सरळ. दादांची बायको मुलगा लहान असतानाच गेली आणि ते पोर, ते घर, तो ओटा सगळं आक्कांच्या गळ्यात आलं. त्यांनी ते बँक सांभाळून केलं आणि कुरकुर न करता केलं. पण तो ओटा उंच होता. वहिनी उंच होत्या, त्यांच्या मापानं बांधलेला. आक्का तिथं पाटावर उभ्या राहून स्वयंपाक करायच्या. पुतण्या कॉलेजात गेला, नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं, तरी आक्का पाटावरच. ओटा फोडून खाली का घेत नाही, असं मी विचारलं होतं. म्हणाल्या, "तो वहिनीचा आहे. मी तिथं डेप्युटेशनवर आहे."

रिटायर झाल्यावर त्यांनी मखमलाबाद रोडला एक लहानसा फ्लॅट घेतला. बैठकीची खोली, झोपायची खोली आणि स्वयंपाकघर. पहिल्या दोन खोल्यांकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. स्वयंपाकघरात मात्र मिस्त्रीला समोर उभं करून, स्वतः लाटणं हातात घेऊन, हवेत पोळ्या लाटून दाखवल्या आणि कोपर जिथं आलं तिथं ओट्याची खूण करायला लावली. आयुष्यात एकदा स्वतःच्या ओट्याशी जमिनीवर पाय टेकून उभं राहायचं, एवढंच त्यांना हवं होतं. दादांना हे काही पटलं नाही. माझ्या घरात तुला काय कमी पडलं, असं एकदाच विचारलं आणि बोलणं टाकलं. एकाच घरात राहून दोघं सुनेमार्फत बोलायची. ही सून म्हणजे पुतण्याची बायको, घरूनच कॉम्प्युटरवर काम करणारी, नीटनेटकी, हसरी मुलगी. ती बिचारी दोन्हीकडचे निरोप पोचवायची. दारं लागली की मी जाते, असं आक्कांनी तिच्यामार्फतच दादांना सांगितलं होतं.

म्हणजे सगळं अडलं होतं दारांपाशी. आणि दारं काही लागत नव्हती.

बुधवारी सकाळी आक्का गोदाकाठच्या बाजारात भाजी घ्यायच्या आणि तिथून पिशवीसकट द्वारकेला. मला रजा टाकायला लावायच्या. पहिल्या बुधवारी दुकानातल्या माणसानं कौतुकानं पंचवीस नमुने काउंटरवर मांडले. आक्कांनी पिशवीतून मेथीची जुडी काढून त्याच्यापुढे धरली. त्याला वाटलं भेट दिली. तो थँक्यू म्हणून जुडी घ्यायला गेला, तर यांनी त्याच्या हातावर चापट मारली. मग एकेका तुकड्यावर मेथी ठेवून, दोन पावलं मागं सरून, डोळे बारीक करून बघू लागल्या. मेथीनंतर वांगं. वांग्यानंतर लिंबू. त्यांचं म्हणणं असं, की स्वयंपाकघरात रंग भाजीचा दिसला पाहिजे, दाराचा नाही. ज्या रंगाशेजारी वांगं मेलेलं दिसतं तो रंग घरात नको. राखाडी रंगावर मेथी वाळल्यासारखी दिसली, राखाडी बाद. केशरीवर टोमॅटो हरवला, केशरी बाद. कांदा मात्र त्यांनी कधी लावून पाहिला नाही. कांद्याला कुठंही ठेवा, गरिबाघरचं पोर, कुठंही खपून जातं म्हणायच्या.

दुकानदार दारांना शटर म्हणायचा. ते त्यांना खपायचं नाही. शटर दुकानाला असतं, घराला दार असतं, हे त्यांनी त्याला इतक्यांदा ऐकवलं की शेवटी तो दुसऱ्या गिऱ्हाइकांशी बोलतानाही दार म्हणायला लागला.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. वांगी जाऊन कैऱ्या आल्या, मग नमुने कैऱ्यांशेजारी पुन्हा पहिल्यापासून. मला खरंच कंटाळा आला होता. मिस्त्री तर रडकुंडीला आलेला. तो राजस्थानचा, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलायचा. आंटीजी, माझ्या मुलाचं लग्न ठरलं न् झालंपण, तुमचं दार कधी ठरणार, असं तो हात जोडून विचारायचा. आक्का त्यालाच आणलेली भाजी देऊन वाटेला लावायच्या. बँकेत लोक चेष्टा करायचे. मीही करायचे. म्हातारपणी माणूस असंच चिकित्सक होतं, असं मला वाटायचं.

मग एका दुपारी माझं डोकं फिरलं. आम्ही दोघी फ्लॅटवर गेलो होतो. ओटा तयार, नळ तयार, गॅसची जोडणीसुद्धा झालेली, आणि खाली-वर सगळे खण आ वासून उघडे. आक्का रंगाच्या रिकाम्या बादलीवर बसून निळसर तुकड्याला भेंडी लावून पाहत होत्या. मी तो तुकडा त्यांच्या हातातून काढून घेतला. म्हटलं, आक्का, पुरे झालं. भेंडी कशावरही भेंडीच दिसते. तुम्हाला इथं राहायचंय की नाही?

बँकेत त्यांची भाषा अगदी शहरी असायची, पण आतून हललेल्या असल्या की सायखेडा वर यायचं. भेंडी पिशवीत ठेवत त्या म्हणाल्या, "दारं लागली की मला हितं जेवाया लागंल गं. एकटीला. मी एकटी कधी जेवली नाय."

इतके महिने मी त्यांच्याबरोबर रंग बघत होते आणि त्या ताट बघत होत्या. स्वतःचं स्वयंपाकघर तर हवं, त्यासाठी जन्मभर झुरलेल्या, आणि ते पूर्ण झालं की त्यात एकाच माणसाचा कुकर लावायचा, या विचारानं त्यांची पाचावर धारण बसलेली. मी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले. मी येत जाईन जेवायला, असं म्हणाले. त्यांनी मान हलवली, पण नोकरी करणाऱ्या बाईच्या शब्दाची किंमत त्यांना चांगली ठाऊक होती. पुढच्या बुधवारी पुन्हा द्वारका, पुन्हा भेंडी.

गाडी पुढे सरकली ती इंदिरानगरच्या घरातल्या बदलानं. पुतण्यानं आणि सुनेनं तिथलं स्वयंपाकघर नवं करायचं ठरवलं. त्यात वाईट काही नव्हतं, घर जुनं झालं होतं. सुनेनं एका दुपारी मोबाइलवर बघून फिनिश ठरवलं: पांढरंशुभ्र, चकचकीत अॅक्रिलिक. आक्कांना कोणी विचारलं नाही, कारण त्या जाणारच होत्या. काम झालं तेव्हा मी बघायला गेले होते. सुंदरच दिसत होतं. इस्पितळासारखं, पण सुंदर.

त्या पांढऱ्या दारांवर बोट लागलं की उमटायचं. आक्कांचा हात म्हणजे तेलाचा, पिठाचा, हळदीचा. त्या ओल्या हातानं दार ढकलायच्या आणि मागं चार बोटं उमटायची. सून मागून यायची आणि मऊ फडक्यानं पुसून काढायची. बोलायची काही नाही. उलट हसायची, राहू द्या आत्या, मी पुसते म्हणायची. आक्का डबा काढायच्या, ती पुसायची. आक्का मीठ काढायच्या, ती पुसायची. मी डायनिंग टेबलाशी चहा पीत हे बघत होते आणि मला त्या मुलीचा असा राग आला म्हणून सांगू! आक्कांना राग आलेला दिसला नाही. त्या फक्त मधेच थांबल्या, आपला तळवा उलटा करून पाहिला आणि पदराला पुसला. त्यानंतर मी निघेपर्यंत त्यांनी कुठल्या दाराला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. काय केलं होतंस, हे विचारलंच नाही. उद्या द्वारकेला ये म्हणाल्या, आणि वार तर बुधवारही नव्हता. पिशवीत भाजी नव्हती. दुकानात शिरल्या आणि उभ्याउभ्या म्हणाल्या, "ज्याच्यावर हात सगळ्यात जास्त उमटतात ते दाखव."

दुकानदाराला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तो नेहमीप्रमाणे डाग न पडणारं, बोटं न उमटणारं मॅट काढायला लागला. आक्कांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. शेवटी त्यानं मागच्या बाजूनं एक तुकडा आणला. काळपट जांभळा, आरशासारखा चकचकीत. म्हणाला, हे हॉलमधल्या शोकेसला लोक नेतात, किचनमध्ये कोणी घेत नाही, दिवसभर पुसत बसावं लागतं. आक्कांनी त्यावर अंगठा टेकवला, उचलला आणि अंगठ्याची रेघ न् रेघ बघत राहिल्या. मग मला सांगायला लागल्या. त्यांच्या लहानपणी बागेत काळी द्राक्षं होती. पिकलेल्या घडावर एक पांढुरकी झाक असते, बोट लागलं की तेवढ्यापुरती जाते. म्हणून पोरांनी घडाला हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद. पण संध्याकाळी त्यांचे वडील बागेतून फिरत आले की घड बघूनच सांगायचे, आज तू आली होतीस, आज दादा आला होता.

"पुसायचं नाय," त्या दुकानदाराला म्हणाल्या. "कोन येऊन गेलं ते दिसलं पाहिजे."

आठवड्याच्या आत दारं लागली आणि आक्का मखमलाबाद रोडला राहायला गेल्या. दादा निरोप द्यायला बाहेर आले नाहीत. दुकानात होते म्हणे.

त्या स्वयंपाकघरात एकच नियम होता. आलेल्या माणसानं आपलं ताट आपण काढून घ्यायचं. पाहुणा असो, वरच्या मजल्यावरची बाई असो, गॅसवाला असो. आणि जेवायला नको, फक्त चहा म्हटलं, तर कप काढायचा. म्हणजे दाराला हात लावायचाच. सुरुवातीला लोक संकोचायचे. मग सवय झाली. बँकेची जुनी गिऱ्हाइकं, ज्यांच्या लॉकरमध्ये यांनी कधी डोकावलं नव्हतं, ती चौकशी करत यायची आणि ताट काढून घ्यायची. दर बुधवारी मी. दिलेला शब्द मी पाळला; त्यात माझा मोठेपणा काही नाही, त्यांच्या हातची मिसळीच्या वरताण मटकी मला बोलवायची.

आणि त्या दारांवर काय एकेक हात! आक्का ते वाचायच्या. दुपारी चहाचा कप घेऊन ओट्यासमोर खुर्ची टाकून बसायच्या आणि मला दाखवायच्या. हा वरच्या बाईचा, अंगठी मोठी आहे तिची, घासते. हा गॅसवाल्याचा, एकच बोट लावतो, लाजरा आहे. आणि हा तुझा, तू दार ओढत नाहीस, ढकलतेस, नवऱ्याशीही अशीच वागत असणार. शेगडीजवळची तेवढी दारं त्या तेलकटपणा नको म्हणून पुसायच्या. ताटांच्या दाराला फडकं लागलं नाही. लोकांना ते घाणेरडं वाटायचं. वाटायचंच, मलाही सुरुवातीला वाटलं होतं.

दादा आले ते बऱ्याच महिन्यांनी, कोणाला न सांगता. त्या दिवशी मी तिथं होते. दारात उभे राहून म्हणाले, इकडून चाललो होतो. मखमलाबाद रोडनं त्यांना जाण्यासारखं काही नव्हतं. आक्कांनी या म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही. "ताट काढून घे," एवढंच म्हणाल्या. दादांनी जन्मात कधी स्वतःचं ताट काढलं नव्हतं. त्यांनी मिठाच्या बरण्यांचं दार उघडलं, मग डाळींचं, मग सिलिंडरचं. शेवटी ताटं सापडली. ते जेवले, पुन्हा वाढून घेतलं, आणि उठताना म्हणाले की आमटी तशीच आहे. गेल्यावर आक्का ओट्यासमोर खुर्ची टाकून बसल्या. चुकीच्या तीन दारांवर दादांचे ते जाड पंजे. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना तेव्हाच पाहिलं. रडत होत्या आणि हसतही होत्या, सिलिंडरच्या दारात ताट शोधतोय म्हणून.

तशी काही वर्षं गेली. मी रिटायर झाले. मग आक्का न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पूर्वीसारखं चालणं काही जमेना. दादांनीच हट्ट धरून त्यांना इंदिरानगरला आणलं. सुनेनं त्यांचं सगळं केलं. सगळं म्हणजे सगळं, अंथरुणातल्या माणसाचं जे जे करावं लागतं ते, आणि तोंड वाकडं न करता. पण माझ्या मनातून ती पांढरी दारं जात नव्हती. मी जायचे, आक्कांशेजारी बसायचे, तिच्याशी कामापुरतं बोलायचे.

फ्लॅटची किल्ली माझ्याकडे होती. मी अधूनमधून जाऊन खिडक्या उघडायचे. आक्का विचारायच्या, "पुसलं नाहीस ना काही?" नाही म्हटलं की डोळे मिटून पडायच्या.

एकदा त्यांच्या जुन्या मऊ साड्या आणायच्या होत्या म्हणून सून माझ्याबरोबर फ्लॅटवर आली. या घरात ती पूर्वी आली होती, पण घाईघाईनं, दारातून डबा देऊन जाणारी. साड्या काढून झाल्यावर ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली. मी मागून गेले तर हिच्या हातात फडकं. ओट्यावरचंच उचललेलं, सवयीनं. मी ओरडले, हात लावू नकोस. माझा आवाज नको इतका चढला होता. ती दचकली. मग मी तिला सगळं सांगितलं. कुठला हात कोणाचा, दादा कुठल्या दारात ताट शोधत होते, आक्का ते का पुसत नव्हत्या. मनात होतं की हिला जरा लागावं. खोटं कशाला बोलू?

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग आत्यांचा कुठला, असं विचारलं. मी दाखवला. ताटांच्या दाराच्या खालच्या बाजूला, कारण आक्का बुटक्या. आखूड बोटं, रुंद तळवा. ती त्याच्यासमोर वाकून बराच वेळ बघत होती. हात लावला नाही.

"आमच्याकडे एकपण नाहीये मावशी," ती म्हणाली. "मी रोज पुसायचे."

परत येताना आम्ही एकाच रिक्षात बसलो. तिच्या मांडीवर साड्यांचं गाठोडं होतं. माझा राग कुठं गेला मला कळलं नाही, पण तो नव्हता.

पुढच्या वेळी मी इंदिरानगरला गेले तर आक्का बिछान्यात नव्हत्या. स्वयंपाकघरातून फोडणीचा वास आला. चाकांची खुर्ची ओट्याशी आणून, एका बाजूनं दादांनी आणि एका बाजूनं सुनेनं धरून आक्कांना उभं केलं होतं, आणि आक्का वरणाला फोडणी देत होत्या. हिंग कमी पडलाय म्हणून सुनेला रागवत होत्या. दम लागला तशा खुर्चीत बसल्या. बसताना तोल सांभाळायला शेजारच्या पांढऱ्या दारावर हात टेकला. हळदीचा हात, अख्खा पंजा उमटला. आक्कांनी तो पाहिला आणि लगेच पदर पुढे केला पुसायला. सुनेनं त्यांचा हात धरला, पदर सोडवून खांद्यावर नीट बसवून दिला आणि वरण वाढायला घेतलं. आक्कांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे. मग मला म्हणाल्या, बघत काय बसलीस, ताट काढून घे.

त्या दिवशी आम्ही सगळे त्यांच्याभोवती बसून जेवलो. त्यानंतर त्यांना ओट्यापाशी उभं राहायला जमलं नाही, आणि थंडी संपायच्या आत त्या गेल्या. झोपेतच. दादा किती दिवस नुसते खुर्चीत बसून होते. मला अजून बुधवार आला की पायात चपला सरकवाव्याशा वाटतात. जायचं कुठं?

तेराव्याला घरात माणसांची गर्दी होती. सायखेड्याहून भावकी आली होती, बायका स्वयंपाकघरात वाढायच्या गडबडीत होत्या. दादांच्या चुलत घरातल्या एक काकू फार कामसू, बसून राहणं त्यांना माहीत नाही. त्यांचं लक्ष त्या दारावर गेलं. एवढ्या पांढऱ्या दारावर केवढा पिवळा डाग पडलाय, थांब, आत्ता काढते, असं म्हणत त्यांनी फडकं ओलं केलं, त्यावर साबण घेतला आणि पुढे झाल्या. मी उंबऱ्याशीच होते, पण माझ्या हातात पत्रावळी होत्या; त्या ठेवायला मी जागा शोधू लागले.

सून ओट्याशी खीर ढवळत होती. तिनं पळी खाली ठेवली, आली आणि काकूंच्या हातातून फडकं अलगद काढून घेतलं.

"राहू द्या काकू," ती म्हणाली. "आमच्या आत्यांचा हात आहे तो."